‘पति पत्नी और वो’ : हसू कुणाचं आणि कुणावर?

बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलेले, पण कान इकडे लावून असलेले जे कुणी दादा-काका असतील, आजचा विषय त्यांच्याही कामाचा आहे.

आज बोलायचं आहे एका सिनेमावर. सिनेमा हिंदी, जुना आणि चांगलाच गाजलेला. १९७८ सालचा ‘पति पत्नी और वो’. दिग्दर्शक बी. आर. चोप्रा, पटकथा कमलेश्वर यांची, संगीत रवींद्र जैन यांचं. संजीवकुमार नवरा, विद्या सिन्हा बायको आणि रंजिता ती तिसरी. आपल्यातल्या काहीजणींनी तो थेटरात पाहिला असेल, काहींनी दूरदर्शनवर, आणि तरुण मुलींनी निदान त्यातलं ते अंघोळीचं गाणं तरी मोबाईलवर ऐकलंच असेल. नवरा आत न्हाणीघरात गातोय, बायको घरातून सूर मिसळतेय आणि छोटा मुलगाही त्यांच्यात सामील. संसार सुखाचा आहे हे सांगायला याहून सोपं चित्र नसेल.

आमच्या गटात हा सिनेमा पुन्हा पाहायचं ठरलं, तेव्हा काही बायका म्हणाल्या, “अगं, हसून हसून मुरकुंडी वळते.” आणि खरंच, आम्ही हसलो. संजीवकुमार हा नटच तसा होता. नुसती भुवई वर केली तरी हसू यावं. पण सिनेमा संपल्यावर आमच्यात जी चर्चा रंगली, ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तीच आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी गोष्ट थोडक्यात. सिनेमा सुरू होतो आदम, हव्वा आणि सफरचंदाने. आपला आदम म्हणजे रणजीत. नवी नोकरी, पगार बेताचा, सायकलवरून फिरणारा. मित्राच्या लग्नाला जाताना त्याची सायकल शारदाच्या सायकलला धडकते आणि तिथून प्रेम, मग लग्न. वर्षं जातात. मुलगा होतो. रणजीत बढती मिळवत कंपनीत सेल्स मॅनेजर होतो. घर चांगलं, बायको प्रेमळ, पोर गोड. आणि मग ऑफिसात नवी सेक्रेटरी येते, निर्मला. घरची परिस्थिती ओढगस्तीची म्हणून नोकरी करणारी साधी मुलगी. साहेबांचं मन चळतं. पण तिला सांगणार काय? तर हा तिला सांगतो की माझ्या बायकोला कॅन्सर आहे, ती काही दिवसांचीच सोबती आहे. निर्मलाला दया येते. घरी मात्र ‘मीटिंग आहे, उशीर होईल’ हे पालुपद.

पुढे रुमालावरचा लिपस्टिकचा डाग, थाप, पुन्हा थाप. शेवटी शारदा नवऱ्याला त्या मुलीबरोबर पाहते. मग ती रडत बसत नाही. पाळत ठेवते, फोटो मिळवते, स्वतःची ओळख लपवून, पत्रकार म्हणून निर्मलाला भेटते आणि सगळा उलगडा होतो. संसार मोडायच्या टोकापर्यंत जातो आणि सावरतो. निर्मला जाते. आणि शेवटी काय, तर ऑफिसात नवी सेक्रेटरी येते, परवीन बाबी, आणि साहेबांची कळी पुन्हा खुलू लागते. प्रेक्षक हसतात. पडदा.

आता एकेक धागा घेऊ.

पहिला धागा त्या थापेचा. रणजीतने हजार थापा मारल्या असत्या. त्याने आजारी बायकोचीच का निवडली? आमच्यातल्या एकीने नेमकं बोट ठेवलं. ती म्हणाली, “त्याला त्या पोरीची वाहवा नको होती, दया हवी होती.” बघा, हा माणूस मॅनेजर आहे, त्याचं सगळं बरं चाललंय. पण आपलं सगळं बरं चाललंय असं म्हणणाऱ्या लग्न झालेल्या माणसाजवळ कोण मुलगी येईल? म्हणून तो स्वतःला दुःखी करून घेतो. आणि त्या दुःखाचं सामान म्हणून बायको वापरतो. बिचारी शारदा घरी धडधाकट, स्वयंपाक करतेय, मुलाचा अभ्यास घेतेय, आणि गावात कुठेतरी एक मुलगी तिच्या मरणाची कल्पना करून हळहळतेय. तिच्या नावावर आजार चढला आणि तिला पत्ताच नाही.

यावर आम्ही सगळ्याच जरा गप्प झालो. कारण आपल्या घराघरांत नेमकं उलटं असतं. सिनेमात धडधाकट बाई आजारी ठरते. आणि खऱ्या आयुष्यात आजारी बाई धडधाकट ठरते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. म्हणजे दोघींमागे एकीहून जास्त. पण किती घरांत “आज तू पड, मी बघतो” असं कुणी म्हणतं? चाळिशी-पंचेचाळिशीत पाळी जाण्याचे दिवस येतात, अंगातून वाफा निघतात, रात्रीची झोप उडते, विनाकारण रडू येतं. त्याला घरात एकच शब्द असतो, “हिची चिडचिड वाढलीय.” बाईचं आजारपण नवऱ्याला सिनेमात उपयोगी पडतं. घरात ते अडचणीचंच असतं.

दुसरा धागा, या वयाचा. इंग्रजीत याला ‘मिडलाईफ क्रायसिस’ म्हणतात. एलियट जॅक्स नावाच्या मनोविश्लेषकाने १९६५ साली एका लेखात हा शब्द वापरला आणि तो जगभर पसरला. अर्धं आयुष्य सरलं, पुढचा रस्ता मागच्यापेक्षा कमी उरला, मरण आता आपल्यालाही आहे हे कळलं, आणि त्या जाणिवेने माणूस हलतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने उदाहरणं दिली ती मोठमोठ्या कलावंतांची, आणि ते बहुतेक सगळे पुरुष.

आपल्या मराठीत या इंग्रजी शब्दाच्या कितीतरी आधीपासून एक शब्द आहे, म्हातारचळ. केस काळे करायला लागला, शर्ट भडक घालायला लागला, आरशासमोर जास्त वेळ उभा राहायला लागला की आजी म्हणायची, “याला म्हातारचळ लागलाय.” शब्दातच हसू आहे. आणि थोडी माफीही आहे. लागलाय म्हणजे उतरेल. बाईने चाळिशीत लाल लिपस्टिक लावली तर? तेव्हा हसू येत नाही. तेव्हा विचारलं जातं, “कुणासाठी नटलीस?”

रणजीतला नेमकं काय झालं होतं? सिनेमा ते फारसं सांगत नाही, पण दाखवतो. शारदाने त्याला सायकलवर पाहिलंय. पगार कमी असताना, खिसा रिकामा असताना पाहिलंय. त्याच्या सगळ्या कमतरता तिला पाठ आहेत. निर्मला मात्र त्याला पहिल्यांदा पाहते ती केबिनमध्ये, टेबलामागे, साहेब म्हणून. आमच्या मते चाळिशीच्या माणसाला मोह पडतो तो बरेचदा या नव्या नजरेचा. ज्या नजरेने आपली सायकल पाहिलीच नाही, त्या नजरेत आपण किती उंच दिसतो! हे माणसासारखं आहे, समजून घेता येतं. कुणाही बाईलाही असं वाटू शकतं. पण समजून घेणं वेगळं आणि त्यासाठी दुसऱ्या दोघींना फसवणं वेगळं.

तिसरा धागा निर्मलाचा. सिनेमाच्या नावात तिला नावसुद्धा नाही. ती ‘वो’. पती आणि पत्नी हे नातं तरी आहे, ही नुसती ‘ती’. सिनेमाच्या सुरुवातीला तर ती सफरचंद. सफरचंदाला मन नसतं, घरभाडं भरायचं नसतं, महिनाअखेरची काळजी नसते. निर्मलाला हे सगळं आहे. ती चांगुलपणाने फसली. तिला खरं कळलं तेव्हा तिचा जीव किती तळमळला असेल, यावर सिनेमा फार थांबत नाही, कारण त्याला घर सावरायची घाई आहे. साहेबाची खुर्ची शाबूत राहते, आणि मुलगी जाते.

१९७८ साली अशा मुलीला जायला जागा नव्हती. आज आहे, ती सांगून ठेवतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात कामाच्या जागी बायकांच्या संरक्षणासाठी नियम घालून दिले. पुढे २०१३ साली त्याचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे मालकाला अंतर्गत समिती नेमावीच लागते. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, आणि सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. ज्यांच्या मुली शहरात नोकरीला गेल्या आहेत, त्यांनी फोनवर एवढं एक नक्की विचारा, “तुझ्या ऑफिसात समिती कुठल्या बाईच्या अध्यक्षतेखाली आहे?” तिला माहीत नसेल तर तिने विचारून घ्यावं.

चौथा धागा आम्हाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेला. याच बी. आर. चोप्रांनी पंधरा वर्षं आधी, १९६३ साली, ‘गुमराह’ नावाचा सिनेमा केला होता. त्यात माला सिन्हा, अशोककुमार आणि सुनील दत्त. तिथे पाय घसरतो तो बायकोचा. बहीण मरते, तिच्या लेकरांसाठी ही आपल्या मेहुण्याशीच लग्न करते आणि ज्याच्यावर प्रेम होतं तो मागे राहतो. पुढे तो पुन्हा भेटतो आणि ती चोरून त्याला भेटू लागते. मग एक बाई येऊन तिला धमकावू लागते, पैसे उकळू लागते. ही भूमिका केली होती आपल्या सोलापूरच्या शशिकला यांनी, आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. शेवटी कळतं काय, तर ती बाई नवऱ्याचीच सेक्रेटरी असते आणि नवऱ्यानेच तिला पाठवलेलं असतं.

आता दोन्ही सिनेमे शेजारी ठेवून पाहा. दिग्दर्शक एकच. विषयही एकच, लग्नाबाहेर गेलेलं मन. बायकोचं मन गेलं, तो सिनेमा गंभीर. त्याची सुरुवात होते रामायणातल्या लक्ष्मणरेषेने. बाई भीतीने अर्धमेली होते, तिची परीक्षा घेतली जाते आणि शेवटी तीच आपल्या हाताने दार लावून घेते. नवऱ्याचं मन गेलं, तो सिनेमा विनोदी. त्याची सुरुवात होते सफरचंदाने. तो पकडला जातो, कान धरतो, आणि नवी सेक्रेटरी आली की पुन्हा तयार. एकीकडे सेक्रेटरी हे नवऱ्याचं हत्यार, दुसरीकडे सेक्रेटरी हे नवऱ्याचं खेळणं. बाईला रेषा, पुरुषाला फळ. रेषा ओलांडली तर दोष ओलांडणारीचा. फळ खाल्लं तर दोष फळाचा!

म्हणजे चोप्रांना हे कळत नव्हतं असं आम्ही म्हणत नाही. त्यांनी ‘इन्साफ का तराजू’ आणि ‘निकाह’सारखे बायकांच्या बाजूने बोलणारे सिनेमेही केले. ते त्यांच्या काळातल्या प्रेक्षकाला ओळखून होते. म्हणूनच प्रश्न त्यांना विचारण्यापेक्षा आपल्याला विचारायचा. नवऱ्याचं घसरणं आपल्याला हसण्यासारखं का वाटतं? पकडला जाताना त्याची जी त्रेधा उडते तिला आपण हसतो, की शारदाच्या हुशारीवर खूश होऊन हसतो? आमच्यातल्या बऱ्याचजणी म्हणाल्या की आम्ही शारदाच्या बाजूने हसलो. ते खरंही आहे. फोटो टेबलावर येतात तेव्हा थेटरातल्या बायकांना जे वाटलं असेल ते आम्हालाही वाटलं. पण शेवटच्या त्या नव्या सेक्रेटरीच्या प्रसंगात आम्ही कुणाबरोबर हसलो? तिथे शारदा जिंकलेली नाही. तिथे तिला आयुष्यभर पहारा करायचा आहे, एवढंच ठरलंय.

बरं, काळ बदलला. २०१९ साली याच नावाचा नवा सिनेमा आला. कार्तिक आर्यन, भूमी पेडणेकर आणि अनन्या पांडे. दिग्दर्शक मुदस्सर अझीझ. आता नवरा कानपूरचा सरकारी नोकर आणि बायको शिकवणारी, पदार्थविज्ञान समजावून सांगणारी, तोंडावर बोलणारी. चांगला बदल आहे. पण थाप बघा. आता आजारी बायकोची गोष्ट चालत नाही. म्हणून हा नवा पती काय सांगतो, तर माझ्या बायकोचंच बाहेर प्रकरण आहे. एक्केचाळीस वर्षांत बाई शिकली, कमावती झाली, आणि थापेत तिचं काय झालं? आजारी होती ती बदनाम झाली. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “कॅन्सर परवडला!” त्यावर हशा पिकला, पण बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

आता शारदाच्या जागी कुणी खरी बाई असेल, आणि आत्ता ती हे ऐकत असेल, तर तिच्यासाठी चार गोष्टी. शारदाकडे फोटो होते, डोकं होतं, पण हातात कायदा किती होता? नुकतंच, १९७६ साली, हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली होती. दोघांच्या संमतीने घटस्फोटाची सोय तेव्हा आली. आणि नवऱ्याचे बाहेरचे शरीरसंबंध हे घटस्फोटाचं कारण म्हणून मांडणंही सोपं झालं. भारतीय दंडविधानातलं व्यभिचाराचं ४९७ कलम होतं, पण ते शारदाच्या कामाचं नव्हतंच. त्यात तक्रार करता येत होती ती फक्त दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला, जणू बायको ही त्याची मालमत्ता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते कलम रद्द केलं. म्हणजे आज हा फौजदारी गुन्हा नाही, पण घटस्फोटाचं कारण म्हणून ते कायम आहे.

दुसरं, “निघ माझ्या घरातून” असं कुणी म्हटलं तर निघायचं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. मारहाण म्हणजेच हिंसा असं नाही. सततचा अपमान आणि पैशांची कोंडी हीसुद्धा त्यात येते. तिसरं, वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून अडून राहायचं नाही. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या कोर्टात चौकशी करा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. अडचणीच्या वेळी १८१ ही महिला हेल्पलाईन आहे. आणि चौथं, घर सांभाळायचं ठरवलंत तर तेही तुमचं ठरवणं असू द्या. शारदाने संसार टिकवला म्हणून ती दुबळी होत नाही आणि मोडला असता म्हणून ती वाईटही झाली नसती. पण “पोरांकडे बघ” हे वाक्य फक्त तिलाच का ऐकवलं जातं? पोरं रणजीतचीही होतीच की.

आता एक आनंदाची गोष्ट. बाईच्या चाळिशी-पन्नाशीवरही आता सिनेमे येऊ लागलेत, आणि लोक ते डोक्यावर घेतायत. २०१२ साली गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ आला. श्रीदेवीची शशी लाडू करून विकते, इंग्रजी येत नाही म्हणून घरातच तिची टिंगल होते. अमेरिकेत ती वर्गात जाते, तिथे एक परका पुरुष तिच्याकडे आदराने पाहतो. तिलाही ती नवी नजर मिळते, रणजीतला हवी होती तीच. पण तिला त्यासाठी कुणाला खोटंनाटं आजारी पाडावं लागत नाही. त्या नजरेतून ती स्वतःकडे बघायला शिकते आणि मान वर करून घरी परतते. २०२३ साली आपल्या मराठीत केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, प्रत्येकीचं वेगळं दुखणं, आणि मंगळागौरीच्या खेळांच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येणं. गावोगावच्या बायका घोळक्याने तो बघायला गेल्या. तिथे आपण कुणाला पकडलं म्हणून हसलो नाही. फुगडी घालताना दम लागला म्हणून हसलो, आणि हसता हसता डोळे पुसले.

तर मैत्रिणींनो, जुना ‘पति पत्नी और वो’ पाहूच नका, असं आमचं अजिबात म्हणणं नाही. जरूर पाहा, आणि जमलं तर यजमानांना शेजारी बसवून पाहा. संजीवकुमारला मनमुराद हसा. विद्या सिन्हाचं शांतपणे एकेक पुरावा गोळा करणं बघा. फक्त बघताना तीन प्रश्न मनात ठेवा. निर्मलाच्या जागी आपली मुलगी असती तर? हीच गोष्ट बायकोची असती तर घरातले कुठे कुठे हसले असते? आणि त्या शेवटच्या प्रसंगानंतर शारदा घरी काय करत असेल?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या गटात प्रत्येकीने वेगळं दिलं. कुणी म्हणालं ती नोकरी शोधते, कुणी म्हणालं ती रोज रुमाल तपासते, कुणी म्हणालं ती आता तपासणंच सोडून देते. तुमचं उत्तर आम्हाला कळवा. पोस्टकार्डावर लिहा किंवा केंद्रावर येऊन सांगा. पुढच्या भागात ती उत्तरं वाचून दाखवू. तोवर रक्त तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, आणि अंघोळीचं ते गाणं या खेपेला तुम्ही न्हाणीघरात म्हणा, सूर घरातून कुणी मिसळतंय का बघा.